अडकलेला काटा

लातूरच्या एका डाळमिल मालकांनी जुनं विमान विकत घेतलं तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. बसस्टँडवरच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवलं होतं, आणि उन्हानं वरचा रंग उडून खालचा पुन्हा डोकावत होता. नवा जिल्हा लोकांच्या डोक्यात गेला होता. कलेक्टर आला, एसपी आला, मग विमान का नको, असा मालकांचा सरळ हिशोब. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेला असावा. दोन वर्षं इकडे फिरकला नव्हता.

विमान चार सीटचं, एका पंख्याचं. दूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबात ते बरीच वर्षं धूळ खात होतं. मालकांनी शहराबाहेरच्या माळावर मुरूम दाबून धावपट्टी करून घेतली आणि शेजारी पत्र्याचं गोदाम उभं केलं. इंजिन पाहणारा माणूस वेगळा होता, तो त्याचं काम करून जायचा. माझ्या वाट्याला आलं ते वैमानिकासमोरचं पॅनेल, म्हणजे रेडिओ आणि काटे.

मी नांदेडला राहायचो. मूळ कंधार तालुक्यातला. वडील मजुरी करायचे आणि कागद पुढे आला की अंगठा उठवायचे. त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे फौजेत पंधरा वर्षं विमानांचे रेडिओ आणि काटे दुरुस्त केले, सुटून आलो, परीक्षा दिली आणि खासगी विमानांच्या या कामावर सही करण्याचा परवाना मिळवला. विमानाच्या वहीत मी सही केली की ते उडायला मोकळं. त्यानंतर माझ्या कामामुळे वर काही झालं तर उत्तर मी द्यायचं. परवाना आला त्या दिवशी वडिलांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सही करायच्या आधी दोनदा बघत जा. आपल्या सहीला लोक दुसऱ्यांदा माफ करत न्हाईत." मला ते तेव्हाही पटलं होतं. माझा स्वभाव मुळातच किचकट आहे, त्यात या वाक्याची भर पडली.

नांदेडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि घरचा रेडिओ वर्षभर बंद होता. बायको म्हणायची, दिव्याखाली अंधार तो हाच. तिला लातूरचं विमान कधी आवडलं नाही.

पहिल्यांदा पॅनेल उघडलं तेव्हा आत उंदरांनी संसार थाटलेला होता. वायरींवरचं कापड कुरतडलेलं, रेडिओ व्हॉल्व्हचा, गुळाच्या ढेपेएवढा आणि जवळपास तितकाच जड. त्यावर मोजकी आठ-दहा चॅनेलं, प्रत्येकाला आत वेगळं क्रिस्टल. उंचीचा काटा थरथरायचा. चढ-उताराचा काटा, म्हणजे विमान वर चाललंय की खाली आणि किती झपाट्यानं हे सांगणारा, तो तर मेलेलाच होता. मी यादी केली. मालकांनी ती डाळीचा नमुना बघावा तशी बघितली, एकेक कलम तळहातावर घेऊन.

"ह्यो रेडू चालतो का न्हाई?"

"चालतो. पण..."

"मग चालतंय तवर चालू द्या की, इंजिनेर. बिघडलं म्हंजे बघू."

"विमानात बिघडलं म्हणजे बघायला कुणी शिल्लक राहत नाही, मालक."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. कंजूष होता, पण तो कंजूषपणा त्यांना कळत नव्हता, त्यांना तो व्यवहार वाटायचा. मग माझं सगळं काम यादीतून काहीतरी वगळत राहण्याचं झालं. नवा रेडिओ म्हणजे मुंबईला मोडीत निघालेल्या एका विमानातला, सेकंडहँड, पण ट्रान्झिस्टरचा आणि सातशेच्यावर चॅनेलं असलेला. तो मी एसटीत मांडीवर घेऊन आलो. "एवढी चॅनेलं?" मालक म्हणाले. "बोलायचं कुणासंगं?"

जुना रेडिओ मात्र त्यांनी मोडीत घालू दिला नाही. "टाकायचा कामून? वापरा कुठं तरी." मला तेव्हा राग आला होता. पण मग मी तो गोदामाच्या ओसरीवर लाकडी पेटीत बसवला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, मुरूडच्या बाजारातून लांब बांबू आणून त्यावर एरियल चढवली. परवानगीच्या कागदांनी एक अख्खा उन्हाळा खाल्ला. पण शेवटी विमानातल्या नव्या रेडिओवरून ओसरीवरच्या जुन्याशी बोलता येऊ लागलं. त्या वर्षातलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. अर्थात मालकांना मी तसं सांगितलं नाही.

यादीच्या तळाशी दोन कलमं उरली आणि त्यातलं एकच होणार होतं. ती काय होती हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

विमानाला आपली उंची हवेच्या दाबावरून कळते. बाहेरचा दाब आत यावा म्हणून आमच्या विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या थोडं पुढे, एक चकचकीत गोल थाळी होती, जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यात मधोमध आगकाडी जाईल एवढं छिद्र. तिथून नळी आत जाते ती तीन काट्यांना: उंची, चढ-उतार आणि वेग. छिद्र बुजलं तर तिन्ही काटे खोटं बोलतात. म्हणून काही विमानांत एक चावी असते, ती फिरवली की काट्यांना बाहेरच्याऐवजी आतली हवा मिळते. आमच्यात नव्हती. यादीत ती चावी होती, आणि चढ-उताराचा काटा दुरुस्त करून आणणं होतं.

चावी मीच खोडली. मालकांनी नव्हे. फौजेच्या पंधरा वर्षांत ते छिद्र बुजलेलं मी एकदाच पाहिलं होतं, कुंभारमाशीनं त्यात मातीचं घर केलं होतं. त्यावर उपाय म्हणून मी कापडाचं बूच केलं, त्याला हातभर लाल फीत लावली. विमान उभं असताना ते छिद्रात, उडायच्या आधी काढायचं. एवढं पुरे, असं मी ठरवलं.

चढ-उताराचा काटा हैदराबादहून दुरुस्त होऊन आला. तो आणला आमच्या कप्तानांनी. हे मूळचे हैदराबादचेच, साठीला टेकलेले, विमान चालवण्यात आयुष्य गेलेलं, बोलणं दखनी. बांगड्यांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "लेव मियाँ, दुल्हन के माफिक लाया." त्याची काच इतकी स्वच्छ होती की पॅनेलवर बाकीचे काटे त्याच्याशेजारी गरीब दिसायला लागले. मी तो बसवला आणि त्या दिवशी रिकाम्या गोदामात बराच वेळ नुसता बघत बसलो.

मालकांच्या आईला सगळे अव्वा म्हणायचे. निलंग्याकडच्या, लिंगायत घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कमरेला चंची, चंचीत पितळी अडकित्ता. दिवसातून एकदा त्या गाडीत बसून माळावर यायच्या, विमानाभोवती फिरायच्या आणि सुपारी कातरत मला विचारायच्या, "झालं का, मिस्तरी?" मी म्हणायचो, नाही. मग त्या परत जायच्या.

मिलच्या घरी चहा व्हायचा तेव्हा सगळ्यांना स्टीलच्या कपात यायचा आणि मला काचेच्या ग्लासात. तो धुऊन ओसरीच्या कोनाड्यात पालथा घालायचा. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी गड्यानं नुसतं कोनाड्याकडे पाहिलं आणि मला कळलं. मला त्याचा संताप आला, आणि मी तो माझ्या पद्धतीनं काढला: पुढच्या खेपेला नांदेडहून स्वतःचा कप घेऊन आलो आणि हत्यारांच्या पेटीत ठेवला. चहा आला की मी कप पुढे करायचो. अव्वांनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मीही काही बोललो नाही. असं न बोलता आमचं वर्ष गेलं.

विमान तयार झालं ते दसऱ्याच्या तोंडावर. अव्वांची लेक नांदेडला दिलेली होती. मालकांनी ठरवलं, खंडेनवमीला पूजा करायची आणि लगेच अव्वांना विमानात बसवून नांदेडला न्यायचं, म्हणजे दसऱ्याचं सोनं लेकीच्या हातात आकाशातून उतरून द्यायचं. खंडेनवमीला आमच्याकडे तराजूपासून ट्रकपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग विमानाची का नाही?

माझी पूजेला ना नव्हती, अटी होत्या. नारळ पंख्याच्या पात्यावर फोडायचा नाही. हार घातला तर इंजिन सुरू करण्याआधी काढायचा. चाकाखाली लिंबू नको. मालकांनी तिन्ही अटी मान्य केल्या. मला वाटलं, सगळं आलं.

त्या सकाळी मी एकेक काटा तपासला, रेडिओवरून कप्तानांशी बोलून पाहिलं, लाल फितीचं बूच काढून पेटीत टाकलं आणि वहीत सही केली. दोनदा वाचून केली. कप्तानांनी त्यांच्या पद्धतीनं विमानाभोवती चक्कर मारली, सगळीकडे हात फिरवून पाहिला. मग पूजा सुरू झाली.

मालकांनी हाक मारली, "या की इंजिनेर, परसाद घ्या." मी हात वर करून नको म्हणालो आणि चाळीसेक पावलांवरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली पेटीवर जाऊन बसलो. आम्ही दगडालाही हात जोडत नाही आणि लोखंडालाही. वडिलांची शिकवण होती आणि मी ती पाळायचो. पण माझ्या बसण्यात तेवढंच नव्हतं. कोनाड्यातला ग्लासही होता. कामापुरतं बोलावता ना, मग पूजेलाही मी कामापुरताच, असा एक हेका होता.

तिथून सगळं दिसत होतं. दुष्काळात पाणी जपून वापरायची सवय लागलेली, म्हणून अव्वांनी विभूतीचा खडा वाटीत अगदी थोड्या पाण्यात कालवला होता, घट्ट, लापशीसारखा. त्यांनी पंख्याला बोटं लावली, नाकाडाला लावली, चाकांना लावली. मग त्या डाव्या बाजूनं दाराकडे आल्या. चकचकीत गोल थाळीपाशी थांबल्या. अख्ख्या विमानावर टिळा लावायची जागा वाटावी अशी तेवढी एकच होती. त्यांनी तीन बोटं बुडवली आणि तिच्यावर ओढली.

मी पाहिलं. खोटं कशाला सांगू. ओळखीच्या रस्त्यावरून ओळखीचं माणूस जाताना दिसावं आणि हाक मारायची राहून जावी, तसं पाहिलं. मनात आलं ते एवढंच, की रंग खराब होईल, होऊ दे, विमान त्यांचं आहे. छिद्राचा विचार आला का? आला असावा. मग तो गेला. उठून मधेच जायचं म्हणजे पूजेत शिरायचं, आणि मला उठायचं नव्हतं.

आरती झाली, हार निघाले. प्रसादाचा लाडू तोंडात असतानाच कप्तान चढले. पुढे त्यांच्याशेजारी मालक, मागे अव्वा, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. विमान मुरमावरून धावलं, धूळ उडाली, धुळीतून वर गेलं. गडी टाळ्या वाजवत होते. मी ओसरीवर जुन्या रेडिओपाशी जाऊन बसलो. पावसाचं तोंड न पाहिलेल्या जमिनीची माती हवेत तरंगत होती. खाली तांबूस, वर तांबूस, मधली रेघ कुठे दिसत नव्हती.

दहा मिनिटांनी पेटीतून कप्तानांचा आवाज आला. आवाज शांत होता. शांत आवाजाचं मला भय वाटतं.

"मियाँ, उंची का काटा लातूर मेंच बैठा है. मैं चढ रहा हूँ, वो हिलताच नै. चढ-उतार वाला भी शून्य पे. स्पीड भी कम दिखा रहा."

तिन्ही. मला तीन बोटं दिसली.

आयुष्यात मी पुष्कळदा घाबरलोय, पण तसा नाही. लातूर उंचावर आहे, नांदेड बरंच खाली, गोदेच्या काठावर. छिद्रात लातूरची हवा कोंडलेली. हे नांदेडला उतरायला गेले की वेगाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार. विमान हळू झालेलं कप्तानांना कळणार नाही, आणि हळू झालेलं विमान पडतं. धुळीत जमीन नजरेनंही जोखता येणार नव्हती. आत म्हातारी बाई होती. वहीत माझी सही होती.

"छिद्र बुजलंय," मी म्हणालो. "कप्तान, आतली हवा द्यावी लागेल."

"चावी तो हैच नै."

"नाही."

त्यांना पुढचं माहीत होतं, मलाही माहीत होतं. चावी नसेल तर काट्याची काच फोडतात. पॅनेलवरचा एक काटा फोडला की त्यातून आतली हवा त्याच नळीत शिरते आणि बाकीचे दोघं खरं बोलू लागतात. फोडायचा तो चढ-उताराचा, कारण त्याच्यावाचून विमान उतरवता येतं. बांगड्यांच्या खोक्यातून आलेला. ज्याच्यासाठी मी चावी खोडली होती.

"फोडूं क्या?" कप्तान म्हणाले. शेजारून मालकांचा आवाज आला, तोही रेडिओवर ऐकू येण्याइतका मोठा. "काय फोडता? नवा हाय त्यो! परवाच बशिवलाय! इंजिनेरला इचारा!"

"मालिक नक्को बोल रहे," कप्तान म्हणाले.

मी क्षणभर थांबलो. का थांबलो ते मला आजही लाज वाटल्याशिवाय आठवत नाही. काटा सुंदर होता, एवढंच कारण. मग म्हणालो, "फोडा. मालकांना सांगा, सही माझी आहे. फोडा."

"कायसे फोडूं? हाथ से नै फूटती."

खरखर, कुणाचं तरी बोलणं, मग अव्वांचा आवाज, लांबून पण स्पष्ट: "ह्ये घे बाबा." आणि मग कट्ट. सुपारी फुटल्यासारखा आवाज.

मी वाट पाहत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. माझा अंगठा रेडिओच्या बटणावर होता आणि तो मला उचलता येत नव्हता. मी बटण दाबून ठेवलं असल्यामुळे कप्तान काय बोलताहेत ते मलाच ऐकू येत नव्हतं. हे लक्षात आल्यावर मी अंगठा ओढून काढला.

"...ऊठ गया, मियाँ. उंची उठी. स्पीड भी आयी. वापस लातूर आ रहा हूँ."

ते आले. धुळीतून आधी आवाज, मग पंख. मुरमावर एकदा उडी मारून टेकले आणि माळाच्या टोकाला थांबले. गडी पुन्हा टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, नांदेड झालंसुद्धा.

मी धावलो नाही. धावलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं, असा काहीतरी विचार होता. डाव्या अंगाला गेलो. विभूती उन्हात वाळून सिमेंटसारखी बसली होती. पाण्याचा घोट रुमालावर ओतून मी थाळी पुसली आणि सुईनं छिद्र मोकळं केलं. मागे कप्तान येऊन उभे होते. त्यांनी माझ्या रुमालावरचं पांढरं पाहिलं.

"पूजा के बाद मैंने चक्कर नै मारी," ते हळूच म्हणाले. "लाडू खा रहा था. मेरी भी गलती."

मी झाडाखालून पाहिलं होतं हे मला त्यांना सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मालक उतरले ते तणतणत. "काच फोडायला कुणी सांगितलं?"

"मी."

"आन् बुजलं कशानं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी कप्तान बोलले, "धूल से, मालिक. देख रहे ना, कित्ती धूल है. दुष्काळ है." मालकांनी आकाशाकडे पाहिलं आणि त्यांना ते पटलं. अव्वा दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. अडकित्त्याच्या फटीतले काचेचे कण त्या पदरानं पुसत होत्या. त्यांनी एकदा थाळीकडे पाहिलं. अख्ख्या विमानावर धूळ बसलेली, ठिकठिकाणी विभूतीचे पट्टे, आणि तेवढी थाळीच लख्ख. मग त्यांनी अडकित्ता चंचीत ठेवला.

वहीत मी लिहिलं: डाव्या बाजूचं छिद्र बुजलेलं आढळलं, साफ केलं, काटा बदलणे आवश्यक. कशानं बुजलं ते लिहिलं नाही. म्हातारीला वाचवलं असं मी स्वतःला सांगायचो. पण त्या अर्ध्या ओळीनं मी मुख्यतः लिंबाखाली बसलेल्या माणसाला वाचवलं होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. त्यानंतर कितीतरी रात्री मला कट्ट ऐकू यायचं.

आतली हवा देणारी चावी महिनाभरात बसली. या वेळी मालकांनी कलम तळहातावर घेतलं नाही. चढ-उताराचा दुसरा काटा आला, त्याची काच जराशी पिवळट होती. विमान उडत राहिलं, लातूरहून नांदेड, नांदेडहून हैदराबाद, आणि धर्माबादच्या बाजूला एकदा डाळीच्या सौद्यासाठी शेतातही उतरलं, त्यावरून मी मालकांशी भांडलो. अव्वा लेकीकडे जाऊन आल्या, पण एसटीनं.

पुढच्या वर्षी थोडा पाऊस झाला. खंडेनवमीला मी सकाळी सगळं तपासलं, बूच काढलं, सही केली आणि पेटी घेऊन झाडाकडे निघालो.

"मिस्तरी, हिकडं ये."

अव्वा विमानाच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या, हातात विभूतीची वाटी. बाकीची मंडळी अजून गाडीतून फुलं काढत होती. मी गेलो.

"त्या दिशी तू झाडाखाली बसला हुतास," त्या म्हणाल्या. "मी हितं बोटं लावली तवा तू माझ्याकडंच बघत हुतास."

मला वर्षभर वाटत होतं, हे कुणाला माहीत नाही.

"हो," मी म्हणालो.

"मंग वरडला कामून न्हाईस?"

काय सांगायचं? ग्लास सांगायचा, कप सांगायचा, वडिलांची शिकवण सांगायची? त्यातलं प्रत्येक खरं होतं आणि त्यातलं एकही उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही पूजेत होता."

"पूजेत हुते. भैरी न्हवते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी मान खाली घातली. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"मला बी ठावं हुतं, तू तिकडं कामून बसतोस," त्या म्हणाल्या. "मी बी कधी वरडले न्हाई." मग वाटी त्यांनी डाव्या हातात घेतली. "आता दाखव. कुठं लावायचं न्हाई?"

मी पेटीतून लाल फितीचं बूच काढलं, छिद्रात बसवलं, त्यावर चिकटपट्टी लावली. इथे नाही, म्हणालो. पंखाखाली वेगाच्या काट्याला समोरचा वारा देणारी दुसरी नळी होती, ती दाखवली. इथेही नाही. त्या प्रत्येक जागेपाशी वाकून नीट बघत होत्या. मग पूजा झाली. मी हात जोडले नाहीत, आणि झाडाकडेही गेलो नाही. पंखाच्या सावलीत त्यांच्या शेजारी उभा राहिलो. आरती संपल्यावर पट्टी ओढली, बूच काढलं, सुईनं छिद्र तपासलं. लाल फीत माझ्या हातात लोंबत होती.

"निघालं?" अव्वांनी विचारलं.

"निघालं."

"पुन्यांदा बघ."

मी पुन्हा बघितलं.